आत्ताच सुचलेली धून

वसंत ऋतूतल्या मैफिलीची तालीम होती. ट्रम्पेटवाला आणि ड्रमवाला दोघेच आले होते, बँडमधले बाकीचे अजून यायचे होते. जॅझमधली खरी गंमत म्हणजे आपली पाळी आली की सुचेल ते वाजवायचं, घरून पाठ करून आणायचं नाही. ट्रम्पेटवाल्याने अशी काही कोवळी धून छेडली, की त्या कोंदट खोलीतल्या खुर्च्यांनाही पालवी फुटावी.

"कुठून सुचतं रे तुला हे?" ड्रमवाल्याने विचारलं.

"आत्ताच सुचलं. तुझी शपथ! कुण्णी म्हणून ऐकलेलं नाही."

"कुण्णीच नाही?"

"कुण्णीच नाही."

ड्रमवाला कौतुकाने मान डोलवत राहिला. "कमाल आहे. गेला आठवडाभर आमची ही भांडी घासताना हेच गुणगुणायची."

ट्रम्पेटवाल्याच्या तोंडचं पाणी पळालं. "वहिनींनी दुसरं काहीतरी ऐकलं असेल. थांब, मी विचारतो त्यांना."

ड्रमवाला उठला आणि त्याने दाराला आतून कडी लावली.

"तिला काय विचारायचं ते मी सकाळीच विचारलं. तू वाजव परत. घरी आता कुणी गुणगुणत नाही."