बिननावाचं पाऊल

कारागिराच्या हातात आज कानस ठरत नव्हती. जरा घासलं की तो उठायचा, खिडकीशी जायचा, परत यायचा. मघाशी पाणी प्यायला म्हणून उठला आणि पाणी न पिताच येऊन बसला. कान सगळे आतल्या खोलीकडे. आत बायकोचं शिलाईमशीन चालू होतं तोवर ठीक. ते थांबलं की हा हातातल्या पावलावर फडकं टाकायचा, सुरू झालं की काढायचा.

कारखाना म्हणजे या दोनच खोल्या. बाहेर तो लाकडाची पावलं घडवायचा, आत ती त्यांचे चामडी पट्टे शिवायची. गिऱ्हाइकाचा उरलेला पाय बघून गेलेला घडवायचा, ही इथली रीत. फळीवर पावलं ओळीनं उभी होती, प्रत्येकाच्या टाचेवर मालकाचं नाव. त्याचं पाऊल घालून एक ड्रायव्हर पुन्हा ट्रकवर गेला होता, एक बाई शिडीवर चढून घर रंगवून आली होती. हे तो आल्यागेल्याला सांगायचा, वर थोडं मीठमसाला लावून.

फडक्याखालच्या पावलाला मात्र नाव नव्हतं. ते तो स्वतःचा पाय बघून घडवत होता.

त्याच्या उजव्या पायाचा अंगठा काळा पडत चालला होता. रस्त्यानं चालताना पोटरीत गोळा यायचा. मग तो कुठल्यातरी दुकानापुढे थांबून काचेत बघितल्यासारखं करायचा. परवा ते दुकान बायकांच्या कपड्यांचं निघालं. शेजारी उभ्या बायकोनं नुसतं त्याच्या तोंडाकडे बघितलं होतं. डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून स्वच्छ सांगितलं होतं, "धुरानं रक्तवाहिन्या आवळत चालल्यात. सिगारेट सोडली तर पाय वाचेल. नाही तर आधी अंगठा, मग पाऊल, मग पुढचं. आणि छातीतल्या वाहिन्या काही वेगळ्या मातीच्या नाहीत." तो तिथल्या तिथे म्हणाला होता, "सोडली." आणि त्याच संध्याकाळी मागच्या दारी जाऊन ओढून आला होता. तेव्हापासून त्याच्या जिवाला थारा नव्हता. ओढली तरी तळमळ, नाही ओढली तरी तळमळ.

मशीन थांबलं. त्यानं फडकं टाकलं. पण या वेळी मशीन परत सुरू झालंच नाही. बायको दारात उभी होती, गळ्यात टेप.

"सारखं काय झाकताय?"

"कुठं काय? अर्जंट काम आहे."

तिनं फडकं उचललं. पाऊल हातात घेऊन उलटं केलं.

"टाचेवर नाव नाही."

"घालतो मग."

तिनं ते सुलटं केलं. बोटांवरून अंगठा फिरवत ती करंगळीपाशी आली. करंगळी शेजारच्या बोटावर चढून बसलेली. इतकी वर्षं त्याच्या मोज्यांना तिथंच भोक पडायचं आणि तीच ते शिवायची.

"गिऱ्हाईक सिगारेट ओढतं का हो?"

त्यानं कानस उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. मग एकदम फुटलाच.

"नाही जमत गं मला! रोज सकाळी ठरवतो आणि दुपारी तोंडघशी पडतो. आणि पायाचं काय एवढं? घरचंच दुकान आहे आपलं. लोक महिनोन् महिने ताटकळतात, माझं तयार असेल. ट्रक चालवतात लोक माझ्या पायांवर!"

बोलून टाकल्यावर त्याला क्षणभर हलकं वाटलं, आणि लगेच स्वतःची लाज वाटली. ती आता रडेल, नाही तर आकाशपाताळ एक करेल, असं त्याला वाटलं. दोन्हीची त्याची तयारी होती.

ती रडली नाही. गिऱ्हाइकाचं स्टूल तिनं पुढे ओढलं. "बसा."

तो बसला. तिनं खाली बसून त्याचा बूट काढला, मोजा काढला. पाऊल बर्फासारखं गार होतं. ते तिनं दोन्ही हातांत धरलं, तोंडाजवळ नेऊन त्यावर फुंकर घातली, आणि मग गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, "कुठून घ्यायचं माप?"

"अगं, काय चाललंय?"

खडूनं तिनं घोट्याच्या वर रेघ मारली. "इथून?"

तो कसंनुसं हसला.

तिनं पँट वर सारून गुडघ्याखाली रेघ मारली. "की इथून? पाऊल तर तुम्ही केलंत. पोटरी पण लागेल." मग मांडीवर, पँटच्या कापडावरच. "आता डावा पुढे करा. त्याचंही उरकून टाकू."

"डाव्याला काही झालेलं नाही!"

"उजव्यालाही नव्हतं."

डाव्या पायावर तशाच रेघा चढत गेल्या. घोटा, गुडघा, मांडी. त्याला उठून पळावंसं वाटत होतं आणि पोटरी साथ देत नव्हती. ती उभी राहिली. खडू त्याच्या शर्टावर आला, छातीच्या डाव्या बाजूला. तिथली रेघ वाकडीतिकडी उमटली.

"बास कर गं आता," तो म्हणाला.

"कसं बास करू? मला पट्टेच तेवढे येतात. कारागीर तुम्ही." तिचा आवाज आता फाटला. "याचं माप कसं घेतात, तेवढं शिकवून ठेवा मला."

सवयीनं त्याचा हात सिगारेटच्या पाकिटासाठी शर्टाच्या खिशाकडे गेला. तिथे तिचा तळवा होता, आणि तो तिनं हलवला नाही.