शंभरात तीस कोरडे

"मॅडम, तुम्ही दाखवलेल्या जागी किती बोर कोरडे गेले, ते आधी सांगा."

लातूरहून पाणी बघायला आलेली पंचशीला अजून गाडीतून यंत्र उतरवत होती. तेवढ्यात सिद्धरामनं हा प्रश्न टाकला.

"शंभरात तीस," ती म्हणाली.

त्याला हायसं वाटलं. तीस म्हणणारी बाई निदान मोजते तरी! कधीच चुकत नाही म्हणणारे त्याला पक्के ठाऊक होते. पाणी लागलं की गावभर पेढे, कोरडा गेला की मालकाच्या नशिबावर खापर. कोरड्या बोरची गोष्ट पुन्हा कोण काढतंय?

"आन् पाणी न्हाई लागलं तर तुमची फी?"

"तीच. लागलं तरी तीच."

"मग बरंय. उगं पाणी हाय, पाणी हाय म्हणायची तुम्हाला गरज न्हाई. गाडी तेवढी झाडाआड घ्या. रस्त्यावरनं लोक लई चौकशा करतात."

निलंग्याजवळच्या त्या रानात केशर आंब्याची तीनशे झाडं माना टाकून उभी होती. पाच वर्षं त्यानं ती लेकरासारखी वाढवली होती. दोन बोर कोरडे गेले होते आणि आता तिसऱ्यापुरतीच ऐपत उरली होती. हाही गेला तर बाग सरपणाला जाणार.

पंचशीलानं लोखंडी खुंट्या रोवल्या, वायरी ताणल्या, आकडे वहीत उतरवले.

"आधीचे दोन कुणी दाखवले होते?"

"होता एक पाणाडी."

"नारळवाला?"

"हाव."

सिद्धरामची बायको गुरम्मा चहा घेऊन आली होती. ती बशीतल्या चहाकडेच बघत राहिली.

पंचशीलानं बांधाजवळ चुन्यानं फुली मारली.

"मला तर वरच्या कोपऱ्यात वाटायलंय," सिद्धराम म्हणाला.

"का बरं?"

"काय की. आतनं वाटतंय. म्हणूनच तिथं नको. आन् मॅडम, किती फुटाला थांबायचं तेबी आत्ताच लिहून द्या. एकदा बोरची गाडी सुरू झाली की माणसाचं डोकं चालत न्हाई. आणखी पन्नास, आणखी पन्नास करत बसतो."

तिनं साडेतीनशे लिहून दिलं. सिद्धरामनं कागद गुरम्माच्या हातात ठेवला. "मी पाया पडलो तरी याच्या पुढं जाऊ द्यायचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी बोरची गाडी आली. शंभर फूट झाले, नुसता धुरळा. दोनशे झाले, धुरळाच. खिशातला फोन सारखा वाजत होता, सिद्धराम तो कट करत होता. तीनशेलाही धुरळाच. वरचा कोपराच बरा होता की काय! देवा रे, तिथंच मारायला पाहिजे होता! गुरम्मानं कागद मुठीत घट्ट धरला.

तीनशे तीसला धुरळा ओला झाला. मग चिखल, आणि मग दोन पुरुष उंच पाणी उडालं. गुरम्मा पदरात तोंड घालून रडायला लागली. सिद्धराम भिजत तसाच उभा राहिला. जगली, बाग जगली!

फोन पुन्हा वाजला. या खेपेला तो तोंड पुसत आंब्याच्या ओळीत शिरला आणि त्यानं तो उचलला. पलीकडच्या गावचा वीरभद्र होता.

"महाराज, दोन दिस झाले फोन लावायलोय. उद्या बोरची गाडी सांगितलीय. घरचे म्हणतेत, लातूरच्या मशीनवाल्या मॅडमला बोलवावं."

सिद्धरामनं वळून पाण्याकडं बघितलं. घसा खाकरला.

"मशीनला काय कळतंय रं जमिनीतलं? सकाळी अनवाणी येतो. शेंडीचा नारळ तेवढा आणून ठेव. माझ्या तळहातावर उभा राहिला की डोळे झाकून बोर मार. आजवर माझा नारळ कधी चुकला न्हाई."