प्रतिमा नव्हे, स्वतः

पंतप्रधान राजाध्यक्ष दारात उभे राहिले, तरी हौसाबाईंनी मान वर केली नाही. त्या लसूण सोलत राहिल्या. "काय बोलायचंय ते बोला आणि विझा," त्या म्हणाल्या.

राजाध्यक्ष वरमले. युद्धात मुलगा गमावलेल्या प्रत्येक घरी त्यांची प्रकाशप्रतिमा सांत्वनाला जायची. हुबेहूब त्यांच्यासारखी, डोळ्यांत पाणी आणणारी. पण युद्ध लांबत गेलं, लोक त्यांना उघडउघड शिव्या घालू लागले, तेव्हा सल्लागारांनी सुचवलं की एखाद्या तरी घरी स्वतः जा.

"बाई, मी खरा आलोय."

हौसाबाईंनी लसणाची एक पाकळी त्यांच्यावर भिरकावली. ती सदऱ्याला लागून खाली पडली. तशा त्या गडबडीनं उठल्या आणि दारी आलेल्या माणसाला देतात तसं त्यांनी पाणी आणून दिलं. शिव्या ऐकायची तयारी करून आलेले राजाध्यक्ष पेला हातात धरून समोरच्या खाटेवर बसले. भिंतीवर दोन तरुणांचे फोटो होते आणि दोन्हींना हार होते. पाठ केलेलं एकही वाक्य त्यांना आठवेना. शेवटी ते उठले, हात जोडले आणि सवयीनं म्हणाले, "येतो."

हौसाबाईंचा चेहरा पांढराफटक पडला.

"दुखवट्याच्या घरातून निघताना 'येतो' म्हणत नसतात, साहेब. थोरला गेला तेव्हा तुमची प्रतिमा असंच म्हणून गेली, आणि धाकट्याच्या वेळी पुन्हा आली. मी आपली त्या यंत्राला दोष देत होते."

त्या पुन्हा लसूण सोलायला बसल्या.

"तुमच्याकडूनच शिकलं होतं होय ते!"