ताटातली सुपारी

भागोजीकाकांनी बत्ता उचलला. प्राप्तीच्या पुढ्यातल्या ताटात सुपारी होती. ती फुटली की लग्न ठरलं, मग माघार नाही. मग कसली नवी मुंबईची प्रयोगशाळा आणि कसलं सुपारीनं होणाऱ्या कॅन्सरवरचं संशोधन! सोमवारी तिला तिथं रुजू व्हायचं होतं.

वडिलांपुढं ती महिनाभर डोकं आपटत होती. हिरामणचं एकच पालुपद, "सुपारीवर शिकलीस, नि आता सुपारीच्याच मुळावर उठतेस?" श्रीवर्धनातली त्यांची सुपारीची वाडी आजोबा-पणजोबांपासूनची. त्यात मुलाकडच्यांनाही तोंडाच्या कॅन्सरवर काम करणारी सून नको होती. पण प्राप्तीचा खरा राग होता आईवर. सगुणा नुसती मान हलवायची. लेकीच्या बाजूनं एक शब्द म्हणून बोलली नाही.

"थांबा काका, आधी तोंड गोड करू," होणारी सासू कमळ म्हणाली, आणि तिनं विहिणीला पेढा भरवला. पेढा दातांवरच अडला.

"लाजता काय विहीणबाई? एवढासा तर पेढा हाय."

बायका हसल्या. सगुणाही हसली आणि पेढ्याचा चुरा करून बोटानं आत सारू लागली.

प्राप्तीला हसू आलं नाही. असली तोंडं तिनं शिकताना फोटोंत पाहिली होती. साडी सावरत ती आईपुढं जाऊन बसली.

"आई, तीन बोटं उभी धर. घाल तोंडात."

एकच बोट गेलं.

सगळ्यांची पानं उठल्यावर सगुणा चुलीपाशी एकटी जेवायची, घरातल्या बायकांची रीतच ती. ती काय जेवते ते कुणी कधी पाहिलंच नव्हतं. बाई नुसत्या पेजेवर होती.

"कधीपासनं?"

"झाली दोन वर्सं. सुपारी सोलताना गालात एक खांड असायचंच." सगुणा हळू बोलत होती. "बोललं की गाल ओढतात. तुला कळलं असतं. मग शिकणं टाकून माझ्यापाशी बसली असतीस."

"बाबा, सुपारीनं तोंड आखडलंय. ही कॅन्सरच्या आधीची पायरी हाय," प्राप्ती म्हणाली.

काका खाकरले. "वेळ टळतेय, हिरामण."

हिरामणनं ताटातली सुपारी उचलली. बराच वेळ बोटांत फिरवली. मग लेकीच्या हातात ठेवून तिची मूठ मिटली.

"सोमवारी ही संगं ने, तपासायला. आपल्याच वाडीतली हाय," तो म्हणाला. "काय निघंल ते पयलं मला सांग."