हुबळीच्या बाई

"गाठ कर्करोगाची नाही," डॉक्टर म्हणाले. "पण काढली तर डावा कान लगेच जाईल. ठेवली तर कान हळूहळू जाईल आणि मेंदूवर दाब येईल."

मिरजेच्या त्या बुजुर्ग कारागिराने हिशेब केला. तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडी घासून तारांत आणलेला झंकार, तो डाव्या कानानेच लावायचा. "वर्षभर ठेवू या. तेवढ्यात ही शिकेल. फार कच्चा कान आहे हिचा."

शेजारी बसलेल्या लेकीला राहवेना. "अब्बा, काढून टाका. दोन वर्षं तुम्ही लावलेली प्रत्येक जवारी मी मागाहून नीट करतेय."

मग उजवा कान पुढे करून त्याने ऑपरेशनची तारीख विचारली.

जिना उतरताना तिचा हात धरून म्हणाला, "गेल्या वर्षी त्या हुबळीच्या गाणाऱ्या बाई माझा तंबोरा छेडून माझ्या पाया पडल्या होत्या. तू तिथंच उभी होतीस की गं."