नवरीच्या जागी चौकोन

जाम गावच्या चौकात योगेंद्रचं लग्नपत्रिका छापायचं दुकान होतं आणि पडद्यामागच्या खोलीत संसार. दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला, तर जुन्या फॉन्टमधल्या पत्रिका त्यावर नुसता कचरा दाखवू लागल्या. म्हणून भर दुपारी फॉन्ट बदलणारी स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लावून त्यानं सगळ्या फायली युनिकोडमध्ये बदलून घेतल्या.

पहिली उघडली ती स्वतःच्या लग्नाची. अक्षर न् अक्षर चोख उतरलं होतं. फक्त नवरीच्या नावाच्या जागी तीन रिकामे चौकोन होते.

स्क्रिप्ट पुन्हा चालवली, तरी चौकोन तसेच. ह्यात काय मोठं, हातानं टाकू, म्हणून त्यानं कीबोर्डवर बोटं टेकवली. बोटं तिथंच राहिली. नाव आठवेना.

भिंतीवर तीच पत्रिका काचेत लावलेली होती. तो उठून जवळ गेला. कागद पिवळा पडला होता. नवरीच्या जागी लाल शाईत छापलेले तीन चौकोन होते.

"बाबा, माह्या बायकोचं नाव काय जी?"

दाराशी पेपर वाचत बसलेल्या वडिलांनी, प्रभाकररावांनी, चष्मा काढला. चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"तुहं लगन कधी झालं, बाप्पा?"

योगेंद्रनं टेबलाकडे पाहिलं. मघाशी बायकोनं आणून ठेवलेल्या चहातून अजून वाफ निघत होती.

आत बांगड्या वाजल्या. पडद्याखाली दोन पावलं येऊन थांबली.

"ऐकता का जी? मले नावानं हाक मारा ना एकदा. मले बाहेर येताच येऊन नाई राह्यलं."