शिक्का उठण्याआधी

वृद्धाश्रमाचा नकाशा तिनं काढला होता, म्हणून आर्किटेक्ट सरांनी मंजुरीसाठी तिलाही नगरपालिकेत नेलं. त्रुटींमुळे तीनदा परत आलेला नकाशा आज मार्गी लागणार होता. नगररचनेच्या साहेबांनी पट्टी लावून जिने, खोल्या तपासल्या आणि शिक्का उचलला. तेवढ्यात तिची नजर नकाशात इमारतीच्या मागच्या बाजूवर गेली. व्हीलचेअरसाठी तिनं घाईघाईत वाढवलेल्या उतारानं अग्निशमन गाडीची वाट अडवली होती. बोलावं तर नोकरीवर गदा. गप्प बसावं तर चाळीस म्हाताऱ्यांच्या जिवाशी खेळ. “साहेब, थांबा. माझी चूक झालीय,” ती कशीबशी म्हणाली. साहेबांनी मोजून पाहिलं आणि नकाशा चौथ्यांदा परत केला. सर नकाशाची गुंडाळी काखेत मारून जिना उतरू लागले. “सर, मला आत्ताच दिसलं,” ती रडवेली होऊन म्हणाली. सर कठडा धरून थांबले. “मला कालच दिसलं होतं.”